वडिलांना पाच मुले झाली, म्हणून मुलाच्या बीजात दोष नसतो का?

सोलापुरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. ज्याच्या वडिलांना मुले झाली त्याच्या बीजात, म्हणजे शुक्राणूंत, जन्मजात दोष असूच शकत नाही, वीर्यतपासणीच्या अहवालातील बिघाड केवळ उष्णतेचा असतो व तीन महिने चूर्ण घेतल्याने तो जातो, आणि 96 टक्के शुक्राणू विकृत असतील तर मूलही विकृत निपजते, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. ‘आनुवंशिक’ या शब्दामुळे गुणसूत्रांतील प्रत्येक दोष घराण्यातून आलेला असतो, असे वाटते. प्रत्यक्षात क्लाइनफेल्टर सिंड्रोम या पुरुषांतील वंध्यत्वाच्या विकारात 46 ऐवजी 47 गुणसूत्रे असतात, आणि ही चूक आईची किंवा वडिलांची बीजपेशी तयार होताना घडते. ते दोघे स्वतः निर्दोष असतात. वाय गुणसूत्राचा, शुक्राणू तयार होण्यास लागणारा, एझेडएफ हा भाग गळणे, ज्याकडे टिएपोलो आणि झुफार्डी या संशोधकांनी 1976 साली लक्ष वेधले, तेही बहुधा त्या मुलातच प्रथम घडते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आणि काही समाजांत सख्ख्या भाचीशीही, लग्न होते. अशा लग्नात आईवडील दोघांकडे एकाच सदोष जनुकाची एकेक प्रत असू शकते. ते निरोगी राहतात आणि मुलाकडे मात्र दोन्ही प्रती येतात. म्हणून वडिलांना पाच मुले झाली यावरून काहीच ठरत नाही. त्या पाचांपैकी दोन भावांना मूल होत नसेल, तर ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उष्णतेत तथ्य आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे मोठा ताप उतरल्यावर, कारखान्यातील भट्टीजवळचे काम सुटल्यावर किंवा शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने थांबवल्यावर काही महिन्यांनी अहवाल सुधारू शकतो, आणि श्रेय चूर्णाला मिळते. गळालेला गुणसूत्राचा तुकडा कोणत्याही चूर्णाने परत येत नाही. दरम्यान पत्नीचे वय वाढत जाते, तपासण्या तिच्याच होतात आणि बोलही तिलाच लागतो. हे मला फार अन्यायाचे वाटते.

96 टक्क्यांची भीती निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार निर्दोष आकाराचे शुक्राणू 4 टक्के असले तरी पुरेसे मानतात, आणि शुक्राणूचा आकार बाळाच्या अंगावर उतरत नाही. जवळजवळ सर्वच शुक्राणूंत एकच विकृती दिसली, तर मात्र जनुकांचा शोध घ्यावा. डोके गोल आणि अंड्यात शिरण्यास लागणारी टोपी नाही, असे असल्यास बहुधा डीपीवाय19एल2 या जनुकात दोष सापडतो.

शुक्राणू अजिबात नसतील, किंवा मिलिलिटरमागे 50 लाखांहून कमी असतील, तर रक्तावरून गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राच्या गळालेल्या भागांची तपासणी करून घ्यावी. एझेडएफ-ए हा भाग पूर्ण गळाला असेल, तर शस्त्रक्रियेनेही शुक्राणू मिळत नाहीत, म्हणून तो खर्च आणि त्रास टाळता येतो. एझेडएफ-सी गळाला असल्यास ते अनेकदा मिळतात. मात्र मुलगा झाल्यास त्याच्याकडेही तेच वाय गुणसूत्र जाते, आणि हे त्या जोडप्याला उपचारांआधी कळायला हवे.