रांगेत तुम्ही पाचवे आहात

नेट बंद पडलं की माणूस आधी राऊटर बंद-चालू करतो, मग वायरी हलवून बघतो, मग घरातल्या प्रत्येकाला "तू काही हात लावलास का" विचारून भांडण उकरून काढतो आणि हे सगळं यथासांग पार पडलं की कस्टमर केअरला फोन लावतो. तिथल्या बाई अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा करत राहतात, आणि दाबादाबी संपली की म्हणतात, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग संगीत.

पूर्वी मी इथे चिडायचो. जाम चिडायचो. पण रागाला समोर माणूस लागतो हो! रेकॉर्डिंगवर कितीही खेकसा, बाई त्याच गोड आवाजात परत आपलं महत्त्व सांगणार, आणि आपला आरडाओरडा ऐकायला लागतो तो घरातल्या निष्पाप मंडळींना. म्हणून हल्ली मी फोन स्पीकरवर टाकतो आणि कॉमेंट्री सुरू करतो.

आधी संगीताचा समाचार. ते इतकं भयाण वाजतं त्याला कारण आहे बरं का, साधी फोन लाईन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते, म्हणजे माणसाचं बोलणं कळण्यापुरता, त्यामुळे बासरीची धार वरून जाते, तबल्याची घुमारी खालून जाते आणि मधे जे उरतं ते ऐकून वाटतं की वादकाला पाण्याच्या टाकीत बसवून वाजवायला लावलंय. मी दर दोन मिनिटांनी त्याला श्वास घ्यायला वर बोलावतो. बायको म्हणते, "तू तक्रार करायला फोन लावलायस की मैफलीला बसलायस?"

होल्डवर गाणी वाजवायचं हे खूळ काढलं आल्फ्रेड लेव्ही नावाच्या अमेरिकन कारखानदाराने. त्याच्या कारखान्यात फोनची एक सुटी वायर लोखंडी तुळईला टेकली, शेजारच्या रेडिओ स्टेशनची गाणी त्यातून फोनमध्ये उतरली आणि होल्डवरच्या लोकांना फुकट ऐकू यायला लागली. दुसऱ्या कुणी इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं, याने 1962 साली पेटंटचा अर्ज टाकला आणि 1966 मध्ये ते मिळालंही! लोकांची कटकट पाहून ज्याला धंदा सुचतो त्याच्यावर काय चिडणार.

माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या फ्रॉइडने 1927 साली विनोदावर लिहिताना एका कैद्याचा किस्सा दिलाय. सोमवारी सकाळी त्याला फाशी द्यायला नेत असतात आणि तो म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली!" माझं नुसतं नेट गेलंय, पण घराणं तेच.

तर परवा बाई म्हणाल्या, "रांगेत तुम्ही चौथे आहात." छान. टाकीतली बासरी पुन्हा सुरू. मग खट्ट आवाज आला, संगीत थांबलं, मी घसा खाकरून सरसावून बसलो, आणि बाई म्हणाल्या, "रांगेत तुम्ही पाचवे आहात."

म्हणजे फोनच्या रांगेतही मधे घुसतात लोक? कोपर कुठून मारतात? मी मोठ्याने "अहो मागे व्हा, आम्ही काय येडे आहोत का" असं ओरडलो, तर मुलगी खोलीतून धावत आली कोण आलंय बघायला. वर बाईंनी सल्ला दिला की ताबडतोब मदतीसाठी आमच्या वेबसाईटला भेट द्या. नेट बंद आहे हो, त्यासाठीच तर फोन केलाय! पण एव्हाना आम्ही तिघंही हसत होतो त्यामुळे ओरडायचं राहूनच गेलं.

शेवटी खरी मुलगी आली लाईनवर. "वाट पाहायला लागल्याबद्दल क्षमस्व सर." मी म्हटलं, "नाही नाही, चौथ्याचं पाचवं प्रमोशन मिळालं, बरं चाललंय." ती फस्सकन हसली, मग ट्रेनिंग आठवून गप्प झाली, पण पोरीने मनापासून काम केलं आणि खरंच नेट सुरू करून दिलं. फोन ठेवण्याआधी बाई परत आल्या, आमच्या प्रतिनिधीला गुण द्या, उत्तमसाठी पाच दाबा.

मी पाच दाबलं.

"क्षमस्व, हा पर्याय उपलब्ध नाही."