लेस्टरमध्ये ग्रामर स्कूल नाही, हे वाक्य मी बदलणार नाही

नमस्कार,

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या बघण्याच्या जागा आणि शाळा यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. क्लॉक टॉवर १८६८ सालचा, लेखात १८८६ पडलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. पण "ज्यांना लेस्टर ग्रामर स्कूलसुद्धा माहीत नाही त्यांनी घरबसल्या शाळांवर लेख पाडू नयेत" हे वाक्य चूक दाखवायला लिहिलेलं नाही, समोरच्याला गप्प करायला लिहिलेलं आहे. अकरा वर्षं मी याच शहरात राहते, दोन मुलांचे शाळेचे अर्ज इथेच भरलेत. "घरबसल्या" हा शब्द लागला, आणि तो लागावा म्हणूनच तुम्ही वापरलात.

आता शाळेचं. ती शाळा मला चांगली माहीत आहे, म्हणूनच "लेस्टरमध्ये ग्रामर स्कूल नाही" असं लिहिलं. इंग्लंडमध्ये पालक ग्रामर स्कूल म्हणतात ती सरकारी, बिनफीची आणि अकराव्या वर्षाच्या आसपास परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा. अशी एकही शाळा लेस्टर शहरात नाही, शहराभोवतीच्या लेस्टरशर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यातही नाही. तुम्ही नाव घेतलंत ती १९८१ साली सुरू झालेली खासगी, फी घेणारी शाळा आहे. नावात "ग्रामर" आहे, एवढंच. शिवाय २००८ पासून ती शहरातही नाही, बाहेर ग्रेट ग्लेन गावात आहे. नव्याने येणारे पालक नाव वाचून धरून चालतात की मुलगी परीक्षा पास झाली की झालं, आणि फीचा आकडा कळतो तेव्हा घराचा करार होऊन गेलेला असतो.

आधी ती शाळा जिथे भरायची ती इमारत कॅथीड्रलजवळ आहे. मुळात ती ऑल्डरमन न्यूटन स्कूलची. ती शाळा ज्याच्या नावाची, तो गॅब्रिएल न्यूटन म्हणजे क्लॉक टॉवरच्या चार कोपऱ्यांवरच्या पुतळ्यांपैकी एक. बाकीचे सायमन द मॉंटफर्ट, टॉमस व्हाइट आणि विल्यम विगस्टन. विगस्टनच्या नावाचं कॉलेज आजही युनिव्हर्सिटी रोडला आहे. शाळेच्या शेजारच्या कार पार्कमध्ये २०१२ साली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला, आणि २०१४ पासून त्या जुन्या शाळेत त्याचं संग्रहालय आहे. जिथे हाडं मिळाली ती जागा आता आत घेतली आहे. काचेच्या जमिनीवर उभं राहून खाली खड्डा बघता येतो. राजाला २०१५ साली समोरच्या कॅथीड्रलमध्ये पुरलं. बघण्याच्या जागा आणि शाळा मी एकाच लेखात का घेतल्या, हा तुमचा प्रश्न होता. या शहरात त्या अशा एकमेकींत अडकलेल्या आहेत.

घरभाडं आणि प्राथमिक शाळांच्या याद्या लेखात का नाहीत, असंही तुम्ही विचारलंत. तो त्या लेखाचा विषयच नव्हता. मात्र तुम्ही जाता जाता "ओडबीत घर घ्या आणि सिटी कौन्सिलला अर्ज करा" असं लिहिलंत, ते कुणी खरं मानलं तर महागात पडेल. ओडबी हे गाव लेस्टर शहराला चिकटून असलं तरी शाळांच्या बाबतीत काउंटी कौन्सिलकडे येतं, सिटी कौन्सिलकडे नाही. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कौन्सिलकडेच करायचा, शाळा पलीकडच्या हद्दीत असली तरीही. अर्जाची शेवटची तारीख माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर, प्राथमिकसाठी १५ जानेवारी. तारीख चुकली की आधी वेळेवर आलेले अर्ज बघतात, तोवर मागणी असलेल्या शाळा भरून जातात. आणि फॉर्मवर एकच शाळा लिहून "दुसरी नकोच" असं दाखवू नका. त्याने ती शाळा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, कारण पसंतीक्रम शाळेला कळतच नाही. ती शाळा हुकली तर जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतात.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. फक्त ओडबीच्या ओळीखाली ही दुरुस्ती जोडली आहे.