ऑडिटेड आहे ना मामा

महिनाभर लिहू की नको लिहू करून राहिलो होतो. आता लिहूनच टाकतो, कारण फॅमिली ग्रुपवर अर्ध्या लोकांना अर्धी गोष्ट माहीत आहे अन् उरलेली ते आपापली बनवून राहिले. तर हो, पैसे गेले. दोन लाख चाळीस हजार. शेअर बाजारात नाही, सट्ट्यात नाही, ते डीफाय का काय म्हणतात, बँकेशिवाय नुसत्या कोडवर चालणारी क्रिप्टोची देवघेव, त्याच्यात.

माझं काम ज्यांना माहीत आहे त्यांनी हसून घ्या बाप्पा. धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं झाली, पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या, दोन-चार राइस मिल, सगळ्यांचं ऑडिट. सोनेतारण करणाऱ्या पतसंस्थेत गेलो की मॅनेजरचा चहा यायच्या आधी मी तिजोरी उघडायला लावतो, पाकिटांचं सील पाहतो, मनात येतील ती चार पाकिटं फोडायला लावतो, काट्यावर ठेवतो, रजिस्टरशी जुळवतो. अन् हाच माणूस एका वेबसाइटवर खाली कोपऱ्यात "ऑडिटेड" असं हिरव्या रंगात लिहिलेलं पाहून सव्वा दोन लाखाच्या वर ठेवून आला.

भाच्याने सांगितलं होतं, तो मिहानमध्ये नोकरीला आहे. त्याला दोष देत नाही, त्याचे पण गेले. मी एकच प्रश्न विचारला होता, सेफ आहे का. तो म्हणाला, "ऑडिटेड आहे ना मामा." झालं, माझं तोंड बंद. दुसरा कोणता शब्द वापरला असता तर मी चार प्रश्न विचारले असते.

काय झालं ते साध्या भाषेत सांगतो, कारण जो भेटतो तो "पासवर्ड कोणाला दिला होता का" विचारतो. पासवर्ड कोणालाच दिला नव्हता. हे एक कर्ज देणारं दुकान होतं, फक्त मॅनेजर नाही, सगळं काम स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट नावाचा कोड करतो. आमच्यासारखे लोक डॉलरच्या भावाचे यूएसडीसी नावाचे कॉइन ठेवणार, साडेनऊ टक्के व्याज घेणार, दुसरे लोक आपले कॉइन तारण ठेवून ते उचलणार. सोनेतारणच समजा. आता समजा बँकेने सोन्याचा भाव ठरवायला इतवारीतलं एकच लहानसं दुकान धरलं, त्याच्या बोर्डावर जो भाव तो खरा. चोर आला, पाच मिनिटांसाठी कोट्यवधी उसने घेतले, त्या दुकानातला सगळा माल उचलला. माल संपला, बोर्डावर भाव वीसपट झाला. मग तो बँकेत गेला, घरून आणलेलं थोडंसं सोनं वीसपट भावाने तारण ठेवलं अन् तिजोरी रिकामी करून घेऊन गेला. नंतर दुकानातला माल परत विकला, उसनवारी फेडली, निघाला. भाव जागेवर आला तेव्हा बँकेकडे ते थोडंसं सोनं अन् आम्ही.

ही उसनवारी म्हणजे फ्लॅश लोन. तारण नाही, जामीनदार नाही, एकच अट, त्याच व्यवहारात परत करायचं, नाही केलं तर अख्खा व्यवहार झालाच नाही असं धरतात. म्हणजे चोराला फसायची पण भीती नाही. जमलं तर जमलं, नाही तर गेली फक्त फी. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पंख्याकडे पाहत बसलो होतो.

अन् हे काही नवीन नाही बे. २०१६ मध्ये द डाओ नावाच्या, कोडवरच चालणाऱ्या गुंतवणूक फंडातून छत्तीस लाख इथर, म्हणजे इथेरियमचे कॉइन, काढले होते. कोड आधी पैसे देत होता अन् वजाबाकी नंतर करत होता, त्या मधल्या फटीत तोच माणूस परत परत मागत राहिला. कॅशियरने पासबुकात नोंद करायच्या आधीच नोटा हातात द्याव्या तसं. शेवटी इथेरियमच्या लोकांनी सगळी चेनच, म्हणजे व्यवहारांची सामाईक वहीच, फोडून पैसे माघारी आणले, ज्यांना ते पटलं नाही त्यांची जुनी चेन आजही इथेरियम क्लासिक नावाने चालू आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिजला, म्हणजे एका चेनवरून दुसऱ्या चेनवर कॉइन नेणाऱ्या पुलाला, अपडेट करताना अशी चूक झाली की खोटी पावती पण खरी धरल्या गेली. एकाने काढले, मग बाकीच्यांनी त्याचाच व्यवहार कॉपी करून फक्त पत्ता आपला टाकला, जवळपास एकोणीस कोटी डॉलर गेले. वर्धा रोडवर संत्र्याचा ट्रक पलटला की आजूबाजूचे पिशव्या घेऊन धावतात ना, तसं. २०२३ मध्ये यूलर, आमच्यासारखंच कर्जाचं दुकान, जवळपास वीस कोटी डॉलर. त्याची तर ऑडिटवर ऑडिट झाली होती अन् भोक निघालं नंतर जोडलेल्या एका फंक्शनमध्ये. त्यांचं नशीब, हॅकरने बहुतेक सगळं परत केलं.

नंतर जोडलेलं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

पैसे गेल्यावर मी तो ऑडिट रिपोर्ट पहिल्यांदा पूर्ण वाचला. म्हणजे शोकसभेनंतर पत्रिका पाहणं. ५८ पानं. दुसऱ्याच पानावर स्कोप होता, कोणत्या तारखेचा कोड तपासला, कोणत्या फाइली तपासल्या, अन् खाली साफ लिहिलेलं की भाव कुठून घेतला जातो ते या तपासणीत नाही. ज्या कॉइनवरून आमची तिजोरी साफ झाली तो कॉइन तारणाच्या यादीत रिपोर्टनंतर पाच महिन्यांनी घेतला होता. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, अगदी खरा होता, फक्त माझे पैसे ज्या कोडमध्ये होते त्याचा नव्हता! अशी वाक्यं मी स्वतः आयुष्यभर लिहीत आलो, "आम्हाला उपलब्ध करून दिलेल्या माहितीनुसार", अन् वर चेअरमनसाहेब आमसभेत फक्त "ऑडिट वर्ग अ" एवढंच वाचून दाखवतात. टाळ्या.

म्हणून मला सगळ्यात जास्त राग हॅकरचा नाही, त्या हिरव्या शब्दाचा आहे. आपल्याकडे ऑडिट म्हणजे पैशाचा हिशोब, दरवर्षी, कोणीतरी सहीनिशी जबाबदार. तिथे ऑडिट म्हणजे एका तारखेचा कोड वाचून दिलेलं मत. काम वाईट नाही, ते करणारे पोट्टे माझ्यापेक्षा हुशार असतील, पण त्याला कोड तपासणी म्हणा ना, ऑडिट काहून म्हणता? आमच्यासारख्यांच्या मनात त्या शब्दाची इज्जत आहे म्हणूनच ना.

भाच्याचे मित्र म्हणतात काका, कोड इज लॉ, कोडने जे करू दिलं तेच त्या हॅकरने केलं. अरे हो का. २०२२ मध्ये मँगो मार्केट्स नावाच्या क्रिप्टो बाजारात असंच भाव फुगवून अकरा कोटी डॉलरच्या वर काढणारा उघड म्हणत होता की मी काही बेकायदेशीर केलं नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं अन् २०२५ मध्ये जजने ते उडवलं, त्यात एक मुद्दा हा पण होता की खटला न्यूयॉर्कमध्ये चालवायलाच नको होता. तिकडे ही दशा, मी इथे तक्रार द्यायला गेलो तर समोरच्या साहेबांनी बिचाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं अन् विचारलं, "गेले कोणाच्या खात्यात?" मी चोराच्या वॉलेटचा, म्हणजे कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा, झिरो एक्सपासून सुरू होणारा बेचाळीस अक्षरांचा पत्ता दाखवला. ते म्हणाले, "आयएफएससी?"

मजा म्हणजे पैसे दिसतात, चेनची वही सगळ्यांना उघडी असते. रोज रात्री जेवण झालं की मी तो पत्ता उघडतो. आहेत तिथेच, एक पैसा हललेला नाही. बायको म्हणते मेलेल्याचं डीपी पाहिल्यासारखं काय पाहता.

टॅक्सचं पण सांगून ठेवतो, कारण कोणी ना कोणी विचारेलच. मागे दुसरे कॉइन विकून साठ हजार फायदा झाला होता, त्यावर तीस टक्के अन् सेस मिळून १८,७२० भरले. हा तोटा त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ११५बीबीएच, मीच लोकांना समजावलं.

अन् ते टेलिग्रामवर "रिफंड पोर्टल"ची लिंक पाठवणारे आहेत ना, त्यांना एकदा तर्रीत बुडवून काढलं पाहिजे. वॉलेट कनेक्ट करा म्हणतात, म्हणजे जे उरलं ते पण द्या.

काल रात्री भाच्याचा फोन आला. त्या टीमने व्हर्जन टू आणलं म्हणे, जुन्या लोकांना भरपाई म्हणून स्वतःचा नवीन टोकन देणार आहेत, क्लेम करायचं तर वॉलेटवरून एक डिजिटल सही करा. थोडा वेळ थांबला अन् म्हणाला, "मामा, यावेळी दोघांकडून ऑडिट केलं आहे."

म्हटलं रिपोर्ट पाठव.

"वेबसाइटवर बॅज आहे ना मामा."

बॅज नको, पूर्ण पीडीएफ पाठव, दोन्ही.

"मामा, शंभराच्या वर पानं आहेत."

पाठव. रविवारी मोकळाच आहे मी.