जुनी जिप्सी घेताय? आधी गाडीखाली झोपा

पावसाळा तोंडावर आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. 'एक जुनी मारुती जिप्सी मिळतेय, घेऊ का?' आणि पुढचा प्रश्न ठरलेला, 'इंजिन कसं तपासायचं?' मला मनापासून वाटतं की आपण इंजिनला नको तेवढे घाबरतो आणि पत्र्याकडे नको तेवढा काणाडोळा करतो. करायला हवं बरोबर उलटं.

जिप्सीचं पेट्रोल इंजिन थकलेलं असेल तर असू दे. रिंगा, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट, क्लच प्लेट ही कामं कुठलाही बरा मिस्त्री करतो. आकडा आधी सांगतो आणि बिल त्याच्या आसपासच येतं. तो आकडा सरळ भावातून वळता करा, विषय संपला. सडलेल्या चेसिसचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, तसं नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जावं लागतं आणि ते कुठे लागेल हे कापल्याशिवाय वेल्डिंगवाल्यालाही कळत नाही. ज्या खर्चाचा अंदाजच बांधता येत नाही, तो भावातून कमी करणार कसा?

मध्यंतरी मित्राबरोबर रत्नागिरीकडची एक जिप्सी बघायला गेलो होतो. वरून देखणी. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), रुंद टायर, नवा रंग. खाली वाकलो तर चेसिसलाही ताजा काळा रंग, म्हणजे शंका घ्यायला जागा. मागच्या पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर टोक आत गेलं. रबरी मॅट उचलली तर खालच्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मालक मात्र शेवटपर्यंत 'इंजिनचा आवाज ऐका हो' म्हणत होते. इंजिन खरंच छान होतं. मित्राने गाडी सोडली, आणि मला आजही तेच बरोबर वाटतं.

तपासायची दुसरी जागा फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेची. 'आम्ही कधी लावलंच नाही' हे विकणारे कौतुकाने सांगतात. पण न वापरलेला लिव्हर जाम होतो आणि ऑइल सील सुकतात. मोकळ्या मातीत फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) टाकून हळू चालवा, हँडल पूर्ण वळवून पुढच्या चाकांकडून कटकट येते का ऐका. डांबरी रस्त्यावर मात्र ही परीक्षा नको. या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांमध्ये वेगातला फरक सामावून घेणारं सेंटर डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. पाचही टायर एकाच मापाचे हवेत तेही त्याचसाठी. मग डिफरन्शियलचा फिलर बोल्ट काढून तेलात बोट घाला. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी पाण्यात उतरली होती आणि पाणी आत गेलंय. नुसतं तेल बदलून भागेल की बेअरिंग, क्राउन-पिनियनपर्यंत काम गेलंय, हे उघडल्यावरच कळेल. मी तरी भाव करताना वाईटच धरतो.

जिप्सीऐवजी २०२० आधीची महिंद्रा थार सीआरडीई बघत असाल तर पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळदार सळ्या) आहेत. बार पिळून पुढची बाजू उंच केलेली असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि बॉल जॉइंट नीट बघा. विंच, लिफ्ट (गाडीची वाढवलेली उंची), मोठे टायर यांचे जादा पैसे मागितले जातात. माझ्या मते तिथे भाव उतरायला हवा. ही गाडी कशी हाणली गेलीय याचाच तो पुरावा असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावलंय. म्हणजे पासिंगच्या वेळी सगळं मूळपदावर आणण्याचा खर्च तुमच्या माथी.

जिप्सी बाजारात आली १९८५मध्ये, त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच गाड्या पंधरा वर्षांच्या पुढे गेलेल्या. एप्रिल २०२२ पासून अशा खासगी गाडीच्या फेरनोंदणीला किमान ५,००० रुपये शुल्क आहे, वर पर्यावरण कर. हे पैसे निदान आधी कळतात. इंजिन बदललेलं असून आरसीवर जुनाच नंबर असेल, तर ते दुखणं कुठल्याच गॅरेजमध्ये बरं होत नाही. चेसिस आणि इंजिनवरचे नंबर स्वतः वाचून ताडून बघा.

आणि एवढं सगळं रस्त्याच्या कडेला उभं राहून होत नाही. गाडी रॅम्पवर चढवा, पैसे आपण द्या, आपला मिस्त्री बरोबर न्या. मालक त्याला तयार नसेल तर इसार देऊ नका, गाडी कितीही मनात भरलेली असो.