आगीचाच भाग लावा म्हणे

काल रात्री डॅलसला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. आठ-दहा जण, सगळे आपलेच. जेवणं झाल्यावर कुणीतरी वेकोवरची, म्हणजे टेक्सासमधल्या वेकोजवळ 1993 मध्ये एका पंथाच्या वस्तीला पडलेल्या वेढ्यावरची, ती सहा भागांची मालिका लावली, 2018 सालची. मधला कुठलातरी भाग होता, फोनवर बोलणी चालली होती. सोफ्यावरून आवाज आला, "अरे, ही बडबड पुढं ढकल ना. शेवटचा भाग लाव, आगीचा."

आणि लावला. भिंत फोडून रणगाड्यासारखी गाडी आत घुसली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काय शूट केलंय!" मी ताटं विसळायच्या निमित्तानं उठून आत गेले. तिथं कुणाला काही बोलले नाही. आज दिवसभर तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथं लिहितेय. लांबेल. वाचायचं तर वाचा.

डॅलसहून ऑस्टिनला येताना वेको अर्ध्या वाटेवर लागतं. आपण सगळेच तिथं पेट्रोल भरतो, कॉफी घेतो आणि निघतो. ती जागा महामार्गापासून वीसेक मिनिटांवर आहे, माउंट कार्मेल. मी एकदा गेले होते. सपाट माळ, एक छोटं प्रार्थनाघर आणि दगडांवर कोरलेली नावं. नावापुढं वय. काही दगडांसमोर मला उभं राहवलं नाही.

तिथं काय झालं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 28 फेब्रुवारी 1993, रविवार. बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून एटीएफचे, म्हणजे दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, सत्तरहून जास्त लोक गुरं वाहायच्या ट्रेलरमध्ये लपून ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वस्तीवर गेले. आतल्यांना आधीच सुगावा लागला होता. वेषांतर करून आत वावरणाऱ्या त्यांच्याच माणसानं बाहेर येऊन सांगितलं होतं, की त्यांना कळलंय. तरी गेले. चार अधिकारी मेले, पंथातले सहा मेले. मग एफबीआय आली आणि वेढा पडला, 51 दिवसांचा. 19 एप्रिलला सकाळी सहापासून इमारतीत अश्रुधूर सोडला, दुपारी बाराच्या सुमाराला आग लागली, आणि तासाभरात सगळं संपलं. 76 माणसं गेली. त्यात वीसहून जास्त मुलं. कित्येक बायका आणि मुलं एका काँक्रीटच्या खोलीत सापडली.

आता यातला 'सीन' म्हणजे काय, तर आग. बरोबर? पडद्यावर दिसते चांगली.

मला आग बघायची नाही. मला 21 मार्च बघायचाय. त्या दिवशी आतून सात माणसं बाहेर आली. वाटाघाटी करणाऱ्यांनी दिवसदिवस फोनवर बसून, मुलांसाठी दूध आत पाठवून, बाहेर आलेल्या मुलांची व्हिडिओ टेप त्यांच्या आयांना दाखवून हे घडवून आणलं होतं. एवढे दिवस थोडी थोडी करून माणसं येत होती, त्या एका दिवशी सात. आणि त्याच संध्याकाळी एफबीआयच्याच दुसऱ्या, हत्यारबंद तुकडीनं लाउडस्पीकर लावले. तिबेटी मंत्रपठण, मोठ्यानं, रात्रभर. माणसं बाहेर आली त्याचं बक्षीस! 12 मार्चलाही तेच झालं होतं, दोघं जण बाहेर आले आणि आतली वीज कायमची तोडली. मग पुढं कधी सशांना मारतानाचे आवाज, कधी रात्रभर प्रखर दिवे. एकूण 35 जण बाहेर आले होते, त्यातली 21 मुलं. त्या 21 मार्चनंतर जवळजवळ कुणीच आलं नाही.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बसले होते. कारण हे मी आमच्या घरात पाहिलंय.

माझी धाकटी मावशी 1991 साली एका महाराजांच्या मठात गेली. गेली म्हणजे गेलीच. शाळेत शिक्षिका होती, चांगली नोकरी, ती सोडली, बांगड्या तिथं दिल्या. मी आठवीत होते. घरात रोज रडारड. मामा म्हणायचे, एकदा जाऊन तंगड्या तोडतो सगळ्यांच्या. आजी काही बोलायची नाही. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं डबा घेऊन जायची आणि मठाच्या फाटकाबाहेर दगडावर बसायची. मी दोनदा तिच्याबरोबर गेलेय. पहिले काही गुरुवार डबा जसाच्या तसा परत आला. मग एकदा रिकामा, घासूनपुसून आला. आजी त्या दिवशी एसटीत मला म्हणाली, "घासलाय तिनंच. कडीच्या खाचेतपण राख घातलीय बघ."

मग मावशी स्वतः फाटकापर्यंत यायला लागली. महाराजांची निंदा आजीनं कधी केली नाही. भाजी कशी झाली होती, शेजारची गाय व्याली, एवढंच. पाच-सहा महिन्यांनी एका गुरुवारी मावशी हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी माझ्या चपला घेऊन ये." मठात सगळे अनवाणी असायचे, चपला पहिल्याच दिवशी घेतल्या होत्या.

आजीनं घरी येऊन चपला पुसून पिशवीत घातल्या.

सोमवारी मामा दोन जीप भरून माणसं आणि ओळखीचा एक हवालदार घेऊन मठावर गेले. फाटक तोडलं. दगडफेक झाली. सेवेकऱ्यांतल्या एका पोराचं डोकं फुटलं. आणि माझी मावशी, जी गुरुवारी चपला घालून निघणार होती, ती गच्चीवर उभी राहून ओरडली, "मला इथंच मरायचंय, निघून जा!"

पुढं बारा वर्षं ती तिथंच राहिली.

तर जेव्हा कुणी म्हणतं की बडबड पुढं ढकला, तेव्हा मला वाटतं, तुम्ही माझ्या आजीला पुढं ढकलताय. मामांची जीप तेवढी बघायची आहे तुम्हाला. धूळ, फाटक, दगड. नाटक जीपमध्ये नव्हतं हो! नाटक त्या डब्याच्या कडीत होतं. पाच महिने.

मालिकेनं बोलणी दाखवली आहेत, हे कबूल. वाचलेल्या एकाच्या आणि वाटाघाटी करणाऱ्याच्या, अशा दोघांच्या आठवणींवर ती बेतलीय, त्यामुळं फोनची दोन्ही टोकं दिसतात. ते मला आवडलंय. पण तिचाही मला राग आहे, आणि तो दुसऱ्या कारणासाठी. डेव्हिड कोरेश, त्या पंथाचा प्रमुख. देखणा नट, हातात गिटार, मऊ बोलणं, वर सरकारनं छळलेला. बघताबघता आपण त्याच्या बाजूनं व्हायला लागतो. कशाला? या माणसानं 1989 मध्ये शिकवण काढली, की पंथातल्या सगळ्या बायका माझ्या, बाकीच्या पुरुषांनी ब्रह्मचर्य पाळायचं. लग्न झालेल्यांनीसुद्धा. त्यानं 'बायको' केलेल्यांत बारा-चौदा वर्षांच्या मुली होत्या. बारा! माझी मुलगी परवा बारा पूर्ण झाली. मालिका त्याबद्दल बोलते, पण खालच्या आवाजात, जपून, जणू मोठ्यानं बोललं तर नायक बिघडेल. बिघडू दे की.

आमच्या मठातही दोन मुली होत्या. त्यांच्याबद्दल आमच्या घरात मोठ्यानं कधी बोललं गेलं नाही. मावशीला ठाऊक होतं. तिनं एकदाच मला सांगितलं, परत आल्यावर, आणि सांगताना भिंतीकडं बघत होती. म्हणून मला आतली सगळी माणसं भोळी आणि बिचारी होती असंही कुणी सांगू नये. मावशीवर माझा जीव आहे. ती गप्प बसली हेही खरं आहे.

आणि हो, कोरेश खोटं बोलायचा, तेही मान्य. 2 मार्चला म्हणाला, माझं प्रवचन रेडिओवर लावा, बाहेर येतो. लावलं. मग म्हणाला, देवानं थांबायला सांगितलंय. अशा माणसाशी फोनवर बसणं किती जीवघेणं असेल, बाहेरच्यांचे चार साथीदार मेले होते. कळतं मला. आग आतल्यांनीच लावली असं 2000 सालच्या चौकशीत निघालं, तेही कळतं. मी सरकारनं जाळलं म्हणणाऱ्यांतली नाही. त्याच सरकारनं पेट घेऊ शकणारी नळकांडी त्या सकाळी वापरली होती हे सहा वर्षं लपवलं, 1999 मध्ये कबूल केलं. झालं, एवढ्यावर संशयाचं दुकान चालू राहिलं.

ते दुकान साधं नाही. टिमथी मॅकव्हे त्या वेढ्याच्या वेळी वेकोला येऊन गेला होता. बरोबर दोन वर्षांनी, 19 एप्रिल 1995 ला, त्यानं ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली. 168 माणसं. त्या इमारतीत पाळणाघर होतं. त्याच्याही डोक्यात आगच होती ना. त्यालाही 21 मार्च दिसला नाही, त्या बारा वर्षांच्या मुली दिसल्या नाहीत. एका बाजूला रणगाडे, दुसऱ्या बाजूला हुतात्मा, एवढंच चित्र.

म्हणून कुणी पुन्हा हे करणार असेल, मालिका म्हणा, नाटक म्हणा, तर माझी हात जोडून विनंती आहे. कोरेश आणि पोलीस यांच्यात कोण बरोबर हे बाजूला ठेवा. दाराच्या आत उभी राहून जावं की न जावं हे अजून न ठरवलेली एखादी आई दाखवा. तिला मुलाची टेप बघू द्या. मग रात्री तो स्पीकर लागू द्या. आणि ती पुन्हा आत जाताना दाखवा, कॅमेरा हलवू नका.

मामांबद्दल वर जरा जास्तच लिहिलं. ते वाईट नव्हते. त्या सोमवारी रात्री ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले होते, बहिणीसाठीच गेले होते ते. आणि डॅलसवाल्या मित्रा, तू हे वाचतोयस ना? राग तुझ्यावर नाही रे. तुझ्याकडची मटकीची उसळ अजून जिभेवर आहे. पण तो भाग मुलांसमोर नको होता.

मावशी 2003 मध्ये परत आली, महाराज गेल्यावर. आजी तोवर गेली होती. चपलांची पिशवी आजीच्या खाटेखाली होती, तशीच.

आत्ता लिहिता लिहिता मावशीला फोन लावला. तिकडं सकाळ होती, देवपूजा आटोपून बसली होती. तिला वेको काही माहीत नाही. मी सगळं सांगितलं, दिवे, स्पीकर, सात माणसं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "रात्रभर झोपू दिलं नाही म्हणतेस? आम्हाला तीनला उठवायचे, काकडआरतीला. झोप नसली की माणूस महाराज सांगतील तेच ऐकतं गं. बाहेरच्यांनी आतल्या बाबाचंच काम केलं."

एवढ्या चौकशा झाल्या, एवढी पुस्तकं आली, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, ती मालिका मराठीत आहे का. नाही म्हटलं.

"मग तू सांग मला रोज थोडी थोडी," म्हणाली. "शेवटचं नको सांगूस."