सायकलवर गहिवरावं कसं

पंचेचाळिशी ओलांडली, जिना चढताना गुडघा पहिल्यांदा कुरकुरला की लगेच बालपणीच्या सायकलची आठवण काढायला घ्यावी. उशीर करू नये. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्याआधी दुसऱ्या कुणी काढली, की तुमच्या वाट्याला नुसता अंगठा उरतो.

सुरुवातीलाच सायकल 'माझी' होती असं ठोकून द्यावं. आमची अ‍ॅटलस होती, काळी, 24 इंची, आणि ती अण्णांची होती. रोज सकाळी पॅन्टच्या पायाला क्लिप लावून ते तिच्यावरून सांगलीतून विश्रामबागेकडे नोकरीला जात. माझ्या हाती ती रविवारी लागायची, तीही पुसायला. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक तार घासायची. पुढच्या चाकाला 32, मागच्याला 40. 72 तारा झाल्या की अण्णा बोट फिरवून बघत आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मिळे. एक तार चुकवली तर त्यांना कशी कळायची, देव जाणे. पोस्टमध्ये मात्र 'दिवसदिवस सायकलवर भटकायचो' असंच लिहावं. 72 तारांचा हिशेब वाचायला कुणाला वेळ आहे?

शिकण्याचा भाग जरा रंगवावा. सीटवर बसलं तर पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालून, अंग वाकडं करून हाप पायडल मारायचं. 'हेल्मेट नव्हतं, गुडघ्याला पॅड नव्हतं, तरी काही झालं नाही' हे वाक्य टाकलंच पाहिजे, त्यावर हमखास बदाम येतात. टाईप करताना कोपरावरचा तो अर्धचंद्री व्रण दिसेल. बाही खाली ओढून घ्यावी. गटारात घातली तेव्हा रिमला असा आऊट आला होता, की चाक फिरताना लटपटायचं. सायकलवाल्याला आऊट काढायला सवड मिळेपर्यंत आठवडाभर अण्णा चालत गेले. मला बोलले काही नाहीत, फक्त संध्याकाळी पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे. हे पोस्टमध्ये घालू नये. वाचणाऱ्यांचा मूड जातो.

पावसाळा आला की 'पहिला पाऊस, मातीचा वास आणि सायकल' एवढ्यावर थांबावं. त्यापुढे गेलात तर काळी माती येते, आणि आमच्या भागातली काळी माती कवितेत बसत नाही. मळ्याच्या वाटेला सायकल घातली की पन्नास पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसायचा, की चाक फिरायचं थांबायचं. मग बाभळीची काटकी मोडून तो खरवडायचा. दहा पावलं पुढे, पुन्हा काटकी. शेवटी दांडीत खांदा घालून सायकल उचलायची आणि चपला हातात घेऊन चालू लागायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सायकलच याच्यावर बसून चाललीय. सांगलीच्या सपाट गावात सायकलसाठी घाम गाळायचा म्हणजे एक तर ही वाट, नाही तर समोरून वारा सुटलेला असताना आयर्विन पूल.

डायनॅमोचं कौतुक बिनधास्त करावं, तिथं कुणी खोटं पाडत नाही. तो टायरला टेकला की पायडल जड व्हायचं, आणि नेमकं खड्ड्यापाशी वेग कमी केला की दिवा मंद व्हायचा. म्हणजे खड्डा दिसायचा तो ओलांडल्यावर. तरीही दिवा लागतच असे. नाही तर डबल सीटवाल्यांसाठी कोपऱ्यावर उभा असलेला हवालदार चाकातली हवा सोडायला तयारच असायचा.

मग थोडा इतिहास पेरावा, पोस्टला वजन येतं. अ‍ॅटलस 1951 साली सोनीपतला सुरू झाली आणि 3 जून 2020 रोजी साहिबाबादचा तिचा शेवटचा चालू कारखाना बंद पडला. 3 जून म्हणजे जागतिक सायकल दिन. सकाळी आम्ही सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छांची चित्रं पाठवली होती. संध्याकाळी कारखान्याची बातमीही पाठवली, रडक्या चेहऱ्यासकट. त्याआधीच्या वीस वर्षांत ग्रुपमधल्या कुणी अ‍ॅटलस विकत घेतली होती का, असं विचारणारा एक खवचट प्राणी होता. त्याला काढून टाकलं.

'हल्लीच्या मुलांना हे सुख काय कळणार' या वाक्याला पर्याय नाही. लिहिताना शक्यतो खिडकीतून खाली बघू नये. तिथं पार्किंगमध्ये लेकाची 21 गिअरची सायकल दोन्ही चाकांतली हवा जाऊन उभी असते. तो ती घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघाला होता, तेव्हा 'गेटबाहेर ट्रॅफिक आहे' म्हणून त्याला परत कुणी बोलावलं, हा विषय घरातला आहे.

आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, की ती सायकल आता कुठाय? इथं गडबडू नये. आमची, घर रंगवायला काढलं तेव्हा, भंगारात गेली. भंगारवाल्यानं ताणकाट्याला लटकवली, एकोणीस किलो भरली. मागचं मडगार्ड गंजून गळालं नसतं तर वीस भरली असती. "साहेब, घंटी काढून ठेवू का?" असं त्यानं आपणहून विचारलं होतं. माझ्या कानाला फोन होता, मी हातानंच 'असू दे' म्हटलं. तो ती ठोकळ्यासारखी सायकल हातगाडीवर टाकून गेला. चाळणीसारख्या रस्त्यावर घंटी आपली आपण वाजत होती, नाक्यापर्यंत.

ग्रुपवर उत्तर द्यावं : "आहे की! गावाकडं, माळ्यावर." 24 इंची सायकल माळ्यावर चढवली कशी, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.