बीएस-6 डिझेल, वाढलेलं ऑइल आणि खोटा दिलासा

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, इंजिन ऑइल खात नाही एवढाच त्याचा अर्थ. वापरलेल्या ऑइलच्या लॅब रिपोर्टात व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ग्रेडमध्ये आणि लोखंड कमी असलं की ऑइल उत्तम. थोडं डिझेल मिसळलंच असेल तर हायवेला एक फेरी मारा, उडून जाईल.’ हे वाचून लोक ऑइल बदलणं लांबवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणारं ऑइल आपोआप वाढत नाही. सर्व्हिसला जास्त भरलं नसेल, तर त्यात डिझेल किंवा कूलंट उतरलंय. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. त्यात साठलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल फवारतात. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांना वळसा घालून खाली उतरतं. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं आणि दर वेळी आणखी डिझेल चेंबरमध्ये जातं.

‘ग्रेडमध्ये आहे’ या शब्दांवर तर मुळीच विसंबू नका. 30 ग्रेडच्या ऑइलची 100 अंशांवरची व्हिस्कॉसिटी 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकच्या (व्हिस्कॉसिटी मोजायचं एकक) मध्ये असावी लागते. समजा नवं ऑइल 12 होतं आणि आता रिपोर्टात 9.8 आलं. ग्रेडमध्येच आहे, पण 18 टक्के पातळ झालंय! तुलना नव्या ऑइलच्या आकड्याशीच करायची. शिवाय काजळी ऑइल दाट करते आणि डिझेल पातळ करतं. दोन्ही एकत्र असले तर एकमेकांना झाकतात आणि रिपोर्ट निर्दोष वाटतो.

इंजिनाची झीज दाखवणाऱ्या लोखंडाचंही तसंच. ऑइलमध्ये डिझेल मिसळलं की पीपीएममधला (दहा लाख भागांत किती) प्रत्येक आकडा त्या प्रमाणात खाली येतो. कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस ही ऑइलमध्ये मुळातच घातलेली द्रव्यं. हे तिन्ही नव्या ऑइलपेक्षा सारख्याच प्रमाणात घटलेले दिसले, तर संशय घ्यावा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, उतरला असेल तर संशय बळावतो. खात्री हवी असेल तर लॅबला गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) इंधनाचं प्रमाण काढायला सांगा. अंदाजे काढलेल्या टक्केवारीवर भांडण्यात अर्थ नाही.

हायवेची फेरी पेट्रोलच्या बाबतीत बऱ्यापैकी उपयोगी पडते. डिझेल मात्र साधारण 180 ते 360 अंशांदरम्यान उकळतं आणि चेंबरमधलं ऑइल जेमतेम शंभरच्या आसपास तापतं. लांबच्या फेरीने डीपीएफ साफ होईल, ऑइलमधलं डिझेल बहुतांश तिथेच राहील.

पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पुरे व्हायची वाट बघू नका. फारच वाढलेलं ऑइल ब्रीदरमधून (चेंबरमधले वायू बाहेर काढणारी नळी) सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन इंधनासारखं जळू शकतं, आणि मग चावी बंद केली तरी डिझेल इंजिन थांबत नाही. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. नमुना पाठवायचा असेल तर गरम इंजिनातून, ऑइल काढताना मधल्या धारेतला घ्या.